निवडलेले अकरा आणि राहून गेलेले

जबलपूरला ज्यांचे जाणे झाले असेल, त्या वाचकांनी बडा फुहारा पाहिला असेलच. फुहारा म्हणजे कारंजे. शहराच्या जुन्या बाजारपेठेचे हे मध्यस्थान. भोवताली कापडाची दुकाने आणि सराफी पेढ्या. जवळच १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारी कमानिया गेटची कमान. लग्नसराईच्या दिवसांत येथून सरळ रेषेत चालत जाणे हे मोठ्या कौशल्याचे काम आहे.

या बाजारात शालू, भांडी, चांदीचे पैंजण, सर्व काही मोल देऊन मिळते. एक वस्तू मात्र फुकट मिळते आणि तीही न मागता. ती म्हणजे क्रिकेटच्या खेळाडूंविषयीचे मत. गिऱ्हाईक साडीचा पदर उलगडून पाहत असते आणि गल्ल्यावर बसलेले शेठजी शेजारच्या दुकानदाराशी वाद घालीत असतात, की अमक्याला संघात घेतलाच का आणि तमक्याला वगळलाच का. पाच मिनिटांत दोघेही निवड समितीचे सभासद होतात आणि दहा मिनिटांत एकमेकांच्या याद्या रद्द करतात. साडीचा भाव तेवढा ठरायचा राहतो.

ही मौज एकट्या जबलपूरची नाही, हे वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ लोकप्रिय आहे. तेथे तर रसिकांच्या या हौसेला रीतसर मान दिलेला आहे. १९३३ पासून, एखाददुसरा अपवाद वगळता, दर उन्हाळ्यात दोन प्रमुख गटांतील निवडक खेळाडूंचा एक खास सामना होतो आणि त्यांतील बरेचसे खेळाडू प्रेक्षकांच्या मतदानाने ठरतात. आपल्याकडे मतपेटी नाही. तिचे काम बडा फुहारा करतो.

मीही या खेळाचा जुना षौकी. परंतु वर्षानुवर्षे हे वाद ऐकून माझे एक मत बनले आहे आणि ते बाजारातल्या मताशी फारसे जुळत नाही. खेळाडूची थोरवी निवडक अकरांच्या यादीवरून मापण्याची जी आपली सवय आहे, ती मला खोटी वाटते. यादी एका बैठकीत होते. संघ व्हायला वर्षे लागतात, कर्णधार लागतो, आणि खेळाडूच्या घरची चूल पेटती राहावी लागते. हे म्हणणे पटवून देण्यासाठी मला वाचकांना जबलपूरहून थोडे इंदूरकडे न्यावे लागेल.

त्याआधी जबलपूरविषयी दोन शब्द. खरे पाहता या शहराचे मोठे क्रीडावैभव क्रिकेटचे नव्हे, हॉकीचे. मेजर ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचा जन्म १९०८ साली जबलपुरात झाला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४–१ असा पराभव केला, त्या २४ गोलांपैकी १० एकट्या रूपसिंगांचे होते आणि ८ ध्यानचंदांचे. पुढे ग्वाल्हेरच्या क्रीडांगणाला त्यांचे नाव मिळाले. ते क्रीडांगण आज क्रिकेटच्या सामन्यांमुळे अधिक ओळखले जाते, हा काळाचा विनोद. त्या क्रीडांगणाकडे आपण पुढे वळणार आहोत.

क्रिकेटच्या बाबतीत जबलपूरकराची निष्ठा नकाशाबरोबर बदलत गेली. राजधानी नागपूर असताना त्याचा संघ मध्य प्रांत व वऱ्हाडचा होता. त्याच काळात इंदूरचा होळकर संघ गाजत होता. पण ते दुसरे राज्य, दुसरे निशाण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, उच्च न्यायालय जबलपुरास आले, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि कालचा परका इंदूर आज आपला झाला. येथील जुन्या मराठी कुटुंबांची तर अधिकच पंचाईत. आत्या नागपुरात, मामा इंदुरात. मार्च २०२४ मध्ये रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात नागपूरच्या मैदानावर विदर्भाने मध्य प्रदेशास ६२ धावांनी हरवले, तेव्हा अशा घरांत जेवणाच्या पानावर कोणता पक्ष घ्यावा, हा प्रश्न सोपा नव्हता.

आता इंदूर. कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे, जन्म १८९५. होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलावून सैन्यात हुद्दा दिला. पुढे महाराज यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने जो संघ जमला, तो हिंदुस्थानातील पहिल्या खऱ्याखुऱ्या व्यावसायिक संघांपैकी एक होता, असे म्हणण्यास हरकत नाही. व्यावसायिक हा शब्द त्या काळी कोणी अभिमानाने वापरीत नसे. खेळाडूस नोकरी होती, हुद्दा होता, पगार होता. काम मात्र मुख्यतः चेंडूफळीचे. मुश्ताक अली इंदूरचेच. सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, शिवाय माधवराव जगदाळे, कमल भांडारकर, खंडू रांगणेकर आणि कर्नलसाहेबांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी मंडळी वेगवेगळ्या वेळी या संघातून खेळली. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की यांतील निम्म्याहून अधिक नावे मराठी घरांतली आहेत.

१९४१–४२ पासून १९५४–५५ पर्यंत होळकर संघ रणजी स्पर्धेत होता. या चौदा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. चार वेळा करंडक जिंकला, सहा वेळा हरला. १९४४–४५ पासूनच्या अकरा हंगामांत अंतिम सामना होळकरांवाचून झाला तो एकदाच. आजच्या कोणत्याही संघाने हा हिशेब समोर ठेवून पाहावा.

हरलेल्या सामन्यांतही काय थाट होता! १९४४–४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना घ्या. इंग्लंडचा प्रसिद्ध फलंदाज डेनिस कॉम्प्टन त्या वेळी सैन्यातील नोकरीमुळे हिंदुस्थानात होता. तोही होळकरांकडून खेळला. चौथ्या डावात जिंकण्यासाठी ८६७ धावा हव्या होत्या. ही संख्या छपाईची चूक नव्हे. होळकरांनी ४९२ केल्या, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. पण माझ्या मते त्या सामन्याचा खरा नायक वेगळाच. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. प्रथम दर्जाच्या सामन्यात एवढे चेंडू दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. ४२८ धावा गेल्या, ११ गडी मिळाले. ज्या यादीत केवळ सरासरी पाहिली जाते तेथे हा आकडा लाजिरवाणा दिसेल. परंतु थोरल्या भावाने चेंडू हाती दिला की धाकट्याने टाकीत राहायचे, हा त्या संघाचा रिवाज होता. खांदा कोणाचा दुखत होता, हे धावफलकावर लिहीत नाहीत.

पुढल्याच हंगामात, मार्च १९४६ मध्ये, इंदुरास म्हैसूरविरुद्ध उपान्त्य सामना झाला. होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा फलंदाजांनी सहा शतके काढली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एका डावात सहा शतकांचा हा पहिलाच प्रसंग. शतक काढून दमलेल्या सरवट्यांनी गोलंदाजीतही एका डावात नऊ गडी बाद केले.

आता येथे थोडे थांबावे, अशी वाचकांना विनंती आहे. या सहा शतकवीरांपैकी देशाकडून अधिकृत कसोटी सामना कितींना खेळावयास मिळाला? दोघांना. नायडू आणि सरवटे. बाकीचे चौघे, म्हणजे भांडारकर, जगदाळे, निंबाळकर व प्रतापसिंग, यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. ज्यांनी मिळून जगात कोणी न केलेली गोष्ट केली, त्यांतील दोनतृतीयांश मंडळी देशाच्या यादीत कधी बसलीच नाहीत. बडा फुहाऱ्यावर मी हा प्रश्न टाकून पाहिला आहे. उत्तरादाखल मला चौघांपैकी एकाचेही नाव ऐकावयास मिळाले नाही. एका गृहस्थांनी मात्र निवड समितीस शिव्या दिल्या, त्या मी येथे देत नाही.

निंबाळकरांची कहाणी तर सर्वांत चटका लावणारी. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना चालू होता. महाराष्ट्राकडून खेळताना निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. भांडारकरांनी २०५ काढल्या होत्या आणि दोघांची भागी ४५५ धावांची झाली होती. त्या वेळचा जागतिक उच्चांक डॉन ब्रॅडमन यांचा, ४५२ नाबाद. अवघ्या नऊ धावा कमी. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने निरोप दिला की डाव सोडा, नाही तर आम्ही घरी जातो. आणि ते खरोखरच गेले. उरलेल्या नऊ धावा कोणीच कधी काढल्या नाहीत. पुढे स्वतः ब्रॅडमन यांनी निंबाळकरांस पत्र लिहून त्यांच्या खेळीची वाखाणणी केली. देशाच्या निवड समितीचे पत्र मात्र त्यांना आयुष्यात आले नाही. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य प्रदेश, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून ते खेळले. ही भटकंती हौसेची नव्हती; त्या काळच्या खेळाडूचे पोट असेच फिरत असे. २०१२ च्या डिसेंबरात, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, निवडक अकरांत जागा मर्यादितच असणार, कोणीतरी राहणारच. मान्य. पण ज्यांची निवड झाली त्यांचा तरी संघ झाला का? १९३६ साली इंग्लंडला गेलेला संघ आठवून पाहा. नायडू, मर्चंट, मुश्ताक अली, अमरसिंग, निसार, अमरनाथ. कागदावर याहून देखणी यादी त्या काळी होणे कठीण. कर्णधार मात्र विजयानगरमचे महाराजकुमार. खेळाडूंत तट पडले. दौऱ्यात सर्वांत चांगला खेळत असलेल्या लाला अमरनाथ यांना कर्णधार व व्यवस्थापक यांनी मिळून शिस्तभंगाच्या कारणाने अर्ध्या वाटेवरून जहाजाने घरी पाठविले. तीन कसोटींपैकी दोन हरलो. मँचेस्टरला मर्चंट आणि मुश्ताक यांनी २०३ धावांची सलामी दिली म्हणून त्या दौऱ्याचे नाव चांगल्या अर्थाने तरी घेता येते. त्याच सी. के. नायडूंच्या हाती चार वर्षांपूर्वी, १९३२ साली, लॉर्ड्सवर संघ होता. तेव्हा सामना हरला तरी इंग्लंडला आपली दखल घ्यावी लागली होती.

नायडू कर्णधार म्हणून कडक होते. लाड त्यांना ठाऊक नव्हते. स्वतःचे तर मुळीच नाही. १९५१–५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. वय ५६. सांगतात की त्यांनी दात बाजूस सारले, उपचारासाठी बाहेर जाण्यास नकार दिला आणि पुढचा चेंडू टाकण्याची खूण केली. अशा माणसापुढे तरुण खेळाडू बोट दुखते म्हणून कसा सांगणार? आजच्या वैद्यकशास्त्राला हे पटणार नाही, आणि घरातील मुलांनी हा कित्ता गिरवू नये, हेही खरे. परंतु होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात का पोहोचला, याचे उत्तर मला तरी शतकांच्या यादीपेक्षा या प्रसंगात अधिक सापडते.

निवडक खेळाडूंच्या सामन्यांचा विषय निघाला की जुने लोक मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची आठवण काढतात. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे धर्मावर आधारलेले पाच संघ. देशभरातून आणलेले नामांकित खेळाडू. गच्च भरलेले ब्रेबोर्न मैदान. महात्माजींनी १९४० साली या विभागणीविषयी नापसंती व्यक्त केली होती, आणि १९४५–४६ नंतर ते सामने बंद पडले. बंद झाले हेच बरे झाले. तरी त्यांतील एक डाव मला मोलाचा वाटतो. १९४३–४४ च्या अंतिम सामन्यात मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ‘इतर’ संघाचा दुसरा डाव ३८७ धावांत आटोपला, आणि त्यांपैकी ३०९ धावा सांगलीच्या विजय हजारे यांच्या एकट्याच्या होत्या. हे सर्वांना ठाऊक असते. मला आवडतो तो दुसऱ्या टोकाचा माणूस. विजयरावांचे बंधू विवेक हजारे यांनी त्यांना साथ देत एका भागीत ३०० धावा होऊ दिल्या; त्यांत विवेकच्या स्वतःच्या २१. तासन् तास उभे राहून २१. एवढे नामवंत त्या मैदानावर जमले होते; त्यांत संघ म्हणजे काय हे कळलेला हा एक गृहस्थ.

माझ्या म्हणण्याची कसोटी घ्यावयाची तर तिचीही सोय आहे. १९५९–६० पासून इराणी करंडकाचा सामना होतो. एका बाजूस रणजी विजेता संघ, दुसऱ्या बाजूस उरलेल्या भारतातील निवडक खेळाडू. संघ विरुद्ध यादी, असा सरळ मुकाबला. विदर्भाने हा करंडक २०१८, २०१९ आणि २०२५ असा तीन वेळा घेतला. तिसऱ्या खेपेस, नागपुरास, ९३ धावांनी विजय मिळवून. येथवर माझे मत सुखरूप आहे. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०२३ मध्ये मध्य प्रदेश हाच सामना ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग क्रीडांगणावर खेळला. शेष भारताच्या यशस्वी जयस्वाल याने एका डावात २१३ आणि दुसऱ्यात १४४ काढल्या, आणि आपला संघ २३८ धावांनी हरला. जबलपूरच्या सुपुत्राचे नाव असलेल्या मैदानावर यादीने संघास लोळवले. तेव्हा माझे मत सिद्धान्त नव्हे, एका षौकी माणसाचे मत आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

ज्या विजयामुळे मध्य प्रदेशास इराणी सामन्याचा मान मिळाला, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १९९८–९९ च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेश कर्नाटकाविरुद्ध खेळत होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी हाती होती. शेवटचा दिवस टिकून राहिले असते तर करंडक आपला होता. विजय भारद्वाज याच्या फिरकीपुढे डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली. कर्णधार होते चंद्रकांत पंडित, मुंबईहून आलेले व्यावसायिक खेळाडू. ते मैदानावरून रडत बाहेर आले. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर, तोच संघ, प्रतिपक्षी या वेळी एक्केचाळीस वेळा विजेती मुंबई. पंडित आता प्रशिक्षक. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. पहिला डाव ५३६. मध्य प्रदेशाने सहा गडी राखून करंडक जिंकला. १९५२–५३ मध्ये होळकरांनी अखेरचा जिंकला होता, त्यानंतर या मातीत तो पहिल्यांदाच आला.

पंडितांनी त्यापूर्वी विदर्भाला लागोपाठ दोन वर्षे हाच करंडक मिळवून दिला होता. पहिला विजय, १ जानेवारी २०१८ चा, कोठे झाला म्हणाल? इंदूरच्या होळकर मैदानावर. नागपूरचा माणूस इंदुरास येऊन मोठा झाल्याची ही दुसरी खेप. कर्णधार फैज फजल आणि मध्य प्रदेशाचा आदित्य श्रीवास्तव यांची नावे बाजारातल्या वादात क्वचितच निघतात. पंडितांच्या कडक शिस्तीविषयी मात्र तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी सांगतात. पाच कसोटी सामने खेळलेला हा माणूस कोणाच्याही ‘आजवरच्या सर्वोत्तम’ यादीत येत नाही. पण एकही नामवंत नसलेला संघ हाती देऊन तीन-चार वर्षांत करंडक आणायला सांगायचे झाले, तर दुसरा कोण आठवतो?

रोजीरोटीचा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगमध्ये खेळाडूंचे लिलाव होतात आणि आकडे ऐकून सराफही मान वर करतो. जबलपुराच्या नावानेही एक संघ आहे. २०२४ साली मध्य प्रदेश लीग सुरू झाली, तीत ‘जबलपूर लायन्स’ पहिल्याच वर्षी विजेता ठरला. त्या वर्षीचे सगळे सामने झाले ग्वाल्हेरला! बडा फुहाऱ्यावरील रसिकाने आपला संघ जिंकताना पाहिला तो पडद्यावर. पहिल्यांदा मला याचे हसू आले होते. नंतर वाटले, सिवनी, मंडला, नरसिंहपूरकडच्या मुलाला चार पैसे मिळत असतील आणि निवड समितीची नजर त्याच्यावर पडत असेल, तर मैदान कोठले का असेना. चंदू सरवट्यांना सागरहून इंदुरास जाऊनच मोठे व्हावे लागले. तेही केवळ खेळावर विसंबले नव्हते. बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणूनही त्यांचा लौकिक होता. १९४६ साली ओव्हलवर शेवटच्या जोडीत शुटे बॅनर्जींबरोबर २४९ धावा करणारा हा माणूस पुढे निवड समितीवर आला, आणि १९८३ चा विश्वविजेता संघ निवडणाऱ्यांत होता.

सागरच्याच पलीकडे छतरपूर जिल्ह्यातील घुवारा हे गाव. तेथील क्रांती गौड ही मुलगी मुलांच्यात टेनिसचा चेंडू खेळत वाढली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती त्या संघात होती. स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने २० धावांत ३ गडी बाद केले होते. आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर व कांबळी यांची ६६४ धावांची भागी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पायाला पॅड बांधून बसून राहिलेला तेरा वर्षांचा मुलगा तो हाच. पुढे पदार्पणाच्या रणजी सामन्यात त्याने २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण ११,१६७ धावा. कसोटी सामने शून्य.

म्हणून अलीकडे बाजारात कोणी सर्वोत्तम अकरांचा वाद काढला की मी माझी वेगळी यादी पुढे करतो. अट एकच: ज्याने एकही कसोटी खेळलेली नाही, तोच या संघात. सलामीला कमल भांडारकर. त्यांच्या जोडीला दुसरा कोणी अजून ठरलेला नाही. नंतर निंबाळकर, मुजुमदार आणि आपले देवेंद्र बुंदेला. १०,००४ धावा काढून २०१८ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याइतके रणजी सामने दुसरा कोणीही खेळलेला नव्हता. मग माधवराव जगदाळे. अष्टपैलू म्हणून इंदूरचा जलज सक्सेना. मध्य प्रदेश, केरळ आणि २०२५ पासून महाराष्ट्र अशी त्याचीही निंबाळकरी भटकंती चालू आहे. रणजी स्पर्धेत ६,००० धावा आणि ४०० बळी एकत्र मिळविणारा तो पहिलाच. कर्णधारपद मी जगदाळ्यांना देईन, कारण ते नायडूंच्या हाताखाली शिकले.

अडचण फिरकीपाशी येते. मुंबईचे पद्माकर शिवलकर, ज्यांनी १९७२–७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी टिपले. आणि हरियाणाचे राजिंदर गोयल, ज्यांचे रणजीत ६३७ बळी आहेत. दोघेही डावखुरे, दोघेही बेदी असल्यामुळे बाहेर राहिलेले. खेळपट्टी कशीही असो, एकाच तऱ्हेचे दोन गोलंदाज एका संघात घेणे शहाणपणाचे नाही, असे कापडवाले शेठजी म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला अद्याप जमलेले नाही. यष्टिरक्षक आणि दोन जलद गोलंदाजांच्या जागाही रिकाम्या आहेत. वाचकांपैकी कोणास योग्य नावे सुचत असतील, तर त्यांनी अवश्य कळवावीत; शिवलकर की गोयल, याविषयीही.